गोपनीयता कोणाची, कोणासाठी?

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आणि तेथील समान रोजगार संधी आयोग हे दोन जुने प्रतिस्पर्धी नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा एकदा न्यायालयाच्या पायरीवर समोरासमोर आले. विद्यापीठातील ज्यू कर्मचाऱ्यांना द्वेषपूर्ण वातावरणाला तोंड द्यावे लागते का, याची चौकशी आयोग करीत होता. त्यासाठी ज्यू कर्मचाऱ्यांची आणि ज्यू संघटनांशी संबंधित व्यक्तींची नावे व संपर्काचे तपशील आयोगाने मागितले. त्या व्यक्तींच्या संमतीविना अशी यादी देणार नाही, असे विद्यापीठाने कळविले. आयोगाचा निरोप सर्व कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची तयारी मात्र दाखविली. तेवढ्याने आयोगाचे समाधान झाले नाही आणि आपले आज्ञापत्र अमलात आणण्यासाठी त्याने न्यायालयात धाव घेतली.

यांना जुने प्रतिस्पर्धी म्हणण्याला कारण आहे. याच दोन पक्षकारांच्या वादात ९ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एक निकाल दिला होता. शिक्षकांच्या नेमणुकीच्या व बढतीच्या गोपनीय कागदपत्रांविषयी तेथे आजही पहिला दाखला त्याच निकालाचा दिला जातो. त्या वेळीही विद्यापीठाच्या तोंडी शब्द 'गोपनीयता' हाच होता. परंतु एकच शब्द दोन वेगळ्या प्रसंगी उच्चारला म्हणून त्याचे मोल सारखे ठरत नाही. १९९० मध्ये विद्यापीठ कोणाला पाठीशी घालत होते आणि २०२५ मध्ये कोणाला, हे पाहिले म्हणजे या प्रश्नाची खरी गाठ सापडते.

तेथील प्राध्यापकाची नोकरी कशी पक्की होते, हे आधी समजून घ्यावे लागेल. ज्या मराठी घरांतील मुले-मुली तिकडच्या विद्यापीठांत अध्यापन करतात, त्या घरांत 'टेन्युअर' हा शब्द आता परका राहिलेला नाही. साधारणपणे सहा वर्षे उमेदवारी केल्यानंतर त्या व्यक्तीला कायम करायचे की निरोप द्यायचा, याचा एकदाच निर्णय होतो. बाहेरच्या विद्यापीठांतील विद्वानांकडून गोपनीय अभिप्राय मागविले जातात, विभागातील सहकारी मत देतात, विभागप्रमुख पत्र लिहितो, वरची समिती विचार करते. कायम झाला तर जन्माची निश्चिंती. नाही झाला तर बहुधा एक वर्षाची मुदत आणि मग सामानाची बांधाबांध. इतक्या मोठ्या निर्णयाचा सारा आधार ज्या कागदांवर असतो ते कागद त्या उमेदवाराने पाहायचे नाहीत, अशी तेथील परंपरा. पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. येथे ती पाचही मुखे पडद्याआड असतात.

रोझली टुंग या विदुषी त्या विद्यापीठाच्या सुप्रसिद्ध व्हार्टन व्यवस्थापन विद्यालयात सहयोगी प्राध्यापक होत्या. १९८५ मध्ये त्यांना कायम करण्यास नकार मिळाला. वंश, लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांनी आपल्याला डावलले, अशी तक्रार घेऊन त्या आयोगाकडे गेल्या. विभागप्रमुखाने आपल्याशी अनुचित वर्तन केले. आपण संबंध व्यावसायिक मर्यादेतच राहतील असे बजावल्यावर त्याने समितीला आपल्याविरुद्ध पत्र लिहिले. विभागातील बहुसंख्य सहकारी मात्र आपल्या बाजूचे होते, असे त्यांचे म्हणणे. समितीने दिलेले कारण त्यांच्या कानावर आले ते असे, की चीनविषयक संशोधनात या विद्यालयाला रस नाही. चिनी वंशाची स्त्री नको हे सांगण्याची ही सभ्य रीत आहे, असा अर्थ त्यांनी लावला. (ज्या विद्यालयाला चीनमध्ये रस नव्हता असे सांगितले गेले, त्याच विद्यालयाने आणि विद्यापीठाने २०१५ मध्ये बीजिंगमध्ये आपले केंद्र थाटले, हे जाता जाता नोंदविण्यासारखे आहे.)

हे सारे आरोप होते, सिद्ध झालेली सत्ये नव्हेत. ते खरे की खोटे हे ठरविण्यासाठीच आयोगाने टुंग यांची फाईल मागितली. त्याचबरोबर ज्या पाच पुरुष प्राध्यापकांना अधिक अनुकूल वागणूक मिळाली असे त्या म्हणत होत्या, त्यांच्याही फायली मागितल्या. विद्यापीठाने काही कागद दिले आणि काही रोखले. रोखलेले कागद कोणते? बाहेरच्या विद्वानांची गोपनीय पत्रे, समित्यांमधील चर्चेची टिपणे, त्या पाच जणांच्या फायलींतील तसेच भाग आणि विभागप्रमुखाचे पत्र. ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याच गृहस्थाचे पत्र गोपनीयतेच्या कुलुपात ठेवून, तक्रार निराधार आहे यावर मात्र जगाने विश्वास ठेवावा, अशी ही अपेक्षा होती.

विद्यापीठाची बाजू अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणणार नाही. आपले पत्र उद्या उमेदवाराच्या वकिलाच्या हाती पडणार हे ठाऊक असेल तर कोण मोकळेपणाने लिहील? सगळीकडून गुळमुळीत स्तुतीची पत्रे येतील, सुमार माणसे कायम होतील, विद्येचा दर्जा घसरेल आणि सहकाऱ्यांमध्ये कायमची वैरे निर्माण होतील, असा तो युक्तिवाद. त्याला दुसरी जोड होती ती राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. कोणी शिकवावे हे ठरविणे हा विद्यापीठाच्या स्वातंत्र्याचा गाभा आहे, तेव्हा त्या निर्णयाची आतली कागदपत्रे मागणे म्हणजे त्या स्वातंत्र्यावर घाला, असे सांगितले गेले. ज्या कोणी कधी एखाद्या संस्थेच्या निवड समितीवर काम केले असेल, त्याला यातील पहिल्या भागात तथ्य जाणवेल. तोंडावर खरे बोलणे कठीण असते आणि बंद लिफाफ्यात ते थोडे सोपे होते, हा मनुष्यस्वभाव आहे.

न्यायमूर्ती हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलेल्या निकालपत्राने हे दोन्ही मुद्दे अमान्य केले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणातून शिक्षणसंस्थांना आरंभी सूट होती. १९७२ मध्ये ती सूट काढून टाकताना विद्यापीठांच्या स्वायत्ततेचा प्रश्न संसदेपुढे होता. तरीही गोपनीय अभिप्रायांसाठी वेगळे संरक्षण संसदेने ठेवले नाही, मग ते न्यायालयाने का निर्माण करावे, असा पहिला विचार. दुसरा विचार अधिक मूलगामी आहे. भेदभाव झाला असेल तर त्याचा पुरावा सापडणार कोठे? तो याच पत्रांत, याच टिपणांत सापडणार. तीच कुलुपबंद झाली तर कायदा कागदावर राहील. विद्यापीठाला आज हा विशेषाधिकार दिला तर उद्या प्रकाशक, लेखक, वकिलांच्या पेढ्या सारेच तो मागतील, हेही न्यायालयाने पाहिले. स्वातंत्र्याच्या मुद्द्यावर उत्तर असे, की सरकार येथे कोणी काय शिकवावे हे सांगत नाही. वंश वा लिंग पाहून नकार देऊ नका एवढेच सांगते. बाकी गुणवत्तेच्या कोणत्याही कसोटीवर निवड करण्यास विद्यापीठ मोकळेच आहे.

मोकळेपणा संपेल या भीतीला न्यायालयाने दिलेले उत्तर आम्हाला सर्वांत मार्मिक वाटते. विद्वज्जनांविषयी इतके वाईट गृहीत धरण्यास न्यायालय तयार नव्हते. पत्र उघड होण्याची शक्यता दिसली तर काही जण हात आखडता घेतील. पण काही जण नुसते ताशेरे मारण्याऐवजी नेमकी उदाहरणे देऊन लिहू लागतील, म्हणजे अभिप्रायाचा कस वाढेल. 'संशोधनात खोली नाही' असे एक वाक्य लिहिणे सोपे. कोणत्या लेखात, कोणत्या निष्कर्षात खोली नाही ते दाखविणे कष्टाचे. ज्याच्या एका ओळीने दुसऱ्याचे सहा वर्षांचे श्रम वाया जाणार आहेत, त्याने तेवढे कष्ट घ्यावेत ही अपेक्षा अवाजवी नाही.

याच्या दहा वर्षे आधी जॉर्जिया विद्यापीठात एक विलक्षण प्रसंग घडला होता. जेम्स डिनन नावाच्या प्राध्यापकाने एका महिला सहकाऱ्याच्या बढतीच्या गुप्त मतदानात आपण काय मत दिले, हे न्यायालयात सांगण्यास नकार दिला. न्यायाधीशाने दंड केला आणि पुढे ९० दिवसांचा कारावास. १९८० मध्ये हे गृहस्थ पदवीदान समारंभाचा झगा अंगावर घालून तुरुंगात दाखल झाले आणि वृत्तपत्रांतून त्यांना विद्यास्वातंत्र्याचे हुतात्मे म्हणून मिरविण्यात आले. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने मात्र त्यांची शिक्षा योग्य ठरविली. जबाबदारीच्या जागेवर बसून जो निर्णय घेतो, त्याच्यावर कधीतरी तो समजावून सांगण्याची वेळ येणारच आणि त्यासाठी लागणारे धैर्य त्याच्यात असले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. ज्या विद्यापीठांतून जगभरच्या सरकारांना पारदर्शकतेचे पाठ दिले जातात, त्यांनी आपल्या कपाटाच्या किल्ल्या मागताच हुतात्म्याचा आव आणावा, यातील विसंगती त्या झग्याखाली झाकली गेली नाही.

या लढ्याच्या आरंभीच्या पर्वात एका भारतीय स्त्रीचे नाव आहे, ते आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. श्यामला राजेंदर या रसायनशास्त्रज्ञ मिनेसोटा विद्यापीठात तात्पुरत्या पदावर काम करीत होत्या. कायम होण्याच्या मार्गावरचे पद त्यांना नाकारले गेले. लिंग आणि राष्ट्रीय मूळ या कारणांनी आपल्याला डावलले, असा दावा त्यांनी १९७३ मध्ये लावला. सात वर्षे तो चालला. पुढे न्यायालयाने तो केवळ त्यांच्यापुरता न ठेवता विद्यापीठातील स्त्री-अध्यापकवर्गाच्या वतीने चालविण्यास परवानगी दिली. अखेर १९८० मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यांना एक लाख डॉलर मिळाले आणि इतर स्त्रियांना आपली गाऱ्हाणी विशेष अधिकाऱ्यांपुढे मांडण्याची वाट मोकळी झाली. शेकडो जणींनी ती वाट धरली. परक्या देशात, हंगामी नोकरीवर असलेल्या एका भारतीय स्त्रीने एवढ्या बलाढ्य संस्थेला हलविले. सात वर्षे त्यांच्याजवळ काय होते? एक तक्रार आणि कागदपत्रे मागण्याचा अधिकार.

बंद कपाटे उघडली की काय बाहेर येते, याचे अलीकडचे उदाहरण हार्वर्डच्या विद्यार्थिप्रवेशाचे आहे. तो विषय शिक्षकांच्या नोकरीचा नाही, पण वृत्ती तीच. २०१८ मध्ये न्यायालयीन प्रक्रियेत प्रवेशाची आकडेवारी पुढे आली, तेव्हा आशियाई वंशाच्या अर्जदारांना 'व्यक्तिमत्त्वा'च्या रकान्यात सरासरीने कमी गुण पडत होते असे दिसले. त्यात भारतीय वंशाची मुलेही आली. खालच्या न्यायालयाने २०१९ मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धतच अवैध ठरविली. निकालाविषयी मते काहीही असोत. तो रकाना अस्तित्वात आहे आणि त्यात असे गुण पडतात, हे पालकांना कळले ते फाईल उघडल्यावर.

येथपर्यंत आमचे मत उघड आहे. परंतु फाईल उघडण्याच्या आग्रहालाही मर्यादा हवी. टुंग यांच्या प्रकरणातील त्या पाच प्राध्यापकांचा विचार करा. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्यांच्याविषयी कोणी काय लिहिले, कोणी मोडता घातला, हे सारे दुसऱ्याच्या तक्रारीपायी परक्या हातांत जाणार होते. तुलनेशिवाय भेदभाव सिद्ध होत नाही, म्हणून त्यांच्या फायली लागतात हे खरे. तरी त्या चावडीवर वाचल्या जाऊ नयेत हेही तितकेच खरे. म्हणूनच आयोगाच्या हाती आलेली माहिती त्याच्या अधिकाऱ्याने जाहीर केली तर दंड आणि कारावासाची तरतूद त्याच कायद्यात आहे. न्यायाधीश आपल्या दालनात कागद पाहू शकतात, पाहणाऱ्यांवर बंधने घालू शकतात. अभिप्राय देणाऱ्याचे नाव व ओळख झाकून मजकूर दाखविण्याचा मार्गही आहे; कॅलिफोर्निया विद्यापीठात तर उमेदवाराला खटल्याविनाच अशा रीतीने मजकूर पाहता येतो. तेथे त्यामुळे विद्या रसातळाला गेल्याचे ऐकिवात नाही.

आता २०२५ च्या प्रकरणाकडे पुन्हा पाहिले की फरक स्पष्ट होतो. टुंग यांनी स्वतः दाद मागितली होती आणि विद्यापीठ आपल्या निर्णयावर पांघरूण घालत होते. या वेळी ज्यांची नावे मागितली ती माणसे तक्रारदार नव्हती. ती असलीच तर पीडित होती. धर्मानुसार केलेल्या माणसांच्या याद्या सरकारच्या हाती जाणे म्हणजे काय, हे ज्यू समाजाला इतिहासाने शिकविले आहे. ती भीती आयोगाचा हेतू कितीही शुद्ध असला तरी पुसली जात नाही. १९९० मध्ये पराभूत झालेले विद्यापीठ या वेळी आमच्या मते बरोबर बाजूला उभे होते. गोपनीयता ज्याच्याविषयी माहिती आहे त्याच्या रक्षणासाठी असते. निर्णय घेणाऱ्याच्या सोयीसाठी ती वापरली जाऊ लागली की तिची ढाल न राहता तटबंदी होते.

आपल्याकडे सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्यांना यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. 'सी.आर.' ही दोन अक्षरे त्यांच्या छातीत धडकी भरवीत. साहेबाने वर्षअखेरीस काय लिहिले हे बढती हुकल्यावरच कळे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या देव दत्त यांच्या प्रकरणात तर शेरा वाईटही नव्हता; तो 'चांगला' होता. बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता आणि हे त्या अधिकाऱ्याला कोणी कळविलेच नव्हते. प्रत्येक शेरा संबंधिताला कळविलाच पाहिजे, असे न्यायालयाने त्या वेळी सांगितले आणि २०१३ मध्ये मोठ्या पीठाने तेच कायम केले. त्याच्याही आधी, डिसेंबर १९८१ च्या न्यायाधीश-बदली प्रकरणात केंद्र सरकारने हाच मोकळेपणाचा मुद्दा पुढे करून सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, दिल्लीचे मुख्य न्यायाधीश आणि कायदामंत्री यांच्यातील पत्रव्यवहार रोखून धरला होता. बहुमताने तो उघड करण्यास भाग पाडले. सरन्यायाधीशांची पत्रे जेथे न्यायासाठी उघडली गेली, तेथे एखाद्या विभागप्रमुखाच्या पत्राचे काय घेऊन बसलात? २०११ मध्ये विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहू द्या, मात्र परीक्षकाचे नाव झाका, हा निर्णय झाला, तोही याच रस्त्यावरचा.

अलीकडे मात्र वारे उलटे वाहू लागले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला. व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता येईल, ही त्या कलमातील सोय त्यातून गेली. कलम ८(२) मधील जनहिताची सर्वसाधारण तरतूद अजून शिल्लक आहे, पण तिचा आधार घेऊन माहिती देण्याचे धाडस किती माहिती अधिकारी करतील? न्यायालयाचा दरवाजा अर्थातच खुला आहे. उच्च न्यायालय निवड समितीचे दप्तर मागवू शकते. त्या दप्तरात असते काय, हा पुढचा प्रश्न. निवड समितीने कारणे नोंदविलीच पाहिजेत असा नियम नसेल तर ती नोंदविण्याचे बंधन नाही, असे आपले सर्वोच्च न्यायालय बंगळूरुच्या निम्हान्स संस्थेच्या प्रकरणात सांगून बसले आहे. त्यामुळे अमेरिकेतील उमेदवाराने झगडून फाईल उघडली तर तिच्यात दहा पत्रे सापडतात. आपल्या उमेदवाराने उघडली तर गुणांचा एक आकडा आणि खाली सह्या.

त्यातही सरकारी वा अनुदानित संस्थेतील अध्यापकाला राज्यघटनेच्या समानतेच्या कलमांचा आधार घेता येतो. गावोगावी जी खासगी विद्यापीठे उभी राहत आहेत, तेथील अध्यापकाचे काय? जात, प्रांत, भाषा वा लिंग पाहून डावलले अशी त्याची खात्री असली, तरी खासगी नोकरीतील सर्व तऱ्हेच्या भेदभावाला लागू पडणारा अमेरिकेच्या सातव्या प्रकरणासारखा एक कायदा आपल्याकडे नाही. स्त्रियांचे वेतन वा अपंगत्व अशा विशिष्ट बाबींपुरत्या तरतुदी आहेत. त्याने कोणत्या आयोगाकडे जावे आणि कोणती फाईल मागावी, याचे उत्तर अजून कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नाही.